ओलिंकाचा आवाज

दूर उत्तरेत, बर्फाच्या मुलखातल्या कुस्कोक्विम नदीकाठच्या त्या गावात ओलिंकाला हळू बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. बर्फावरून कुत्र्यांनी ओढायच्या गाडीला लगाम नसतो, डावं-उजवं सगळं तोंडानंच सांगावं लागतं. ती सातव्या वर्षापासून गाडीवर उभी. चर्चमध्ये प्रार्थना म्हणायला लागली की पुढच्या रांगेतल्या बायका दचकायच्या. नवरा होता तोवर म्हणायचा, "अगं, मी समोरच बसलोय, नदीपलीकडं नाही!" आता वय बावन्न, आणि घरात ओरडायला चौदा कुत्री. तिच्या अंगणातली पिल्लं चार गावांत पोचलेली.

त्या वर्षीची गोठलेल्या नदीवरची पाचशे किलोमीटरची शर्यत ती चौथ्या दिवशी सकाळी संपवत होती. सात कुत्री ओढत होती, पाय सोललेलं आठवं गाडीत बसलं होतं. धुकं असं की म्होरकी कुत्री तेवढी दिसावी. काठावर शर्यत संपल्याचा खांब होता. खांबावर दिवा मात्र नव्हता.

ओलिंकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटची गाडी येईपर्यंत तो दिवा जळायचा, आणि जो शेवटी येईल त्यानंच तो फुंकायचा, हा तिच्या आजोबांपासूनचा रिवाज. शर्यतीचा कारभारी होता तिचाच धाकटा भाऊ, इव्हॉन. तो वही घेऊन हसत पुढं आला.

"आलीस, ताई! चल, चहा घे."

"दिवा कुठाय?"

"पेटीत भरला. म्हटलं तू काय, घरचीच. रुसू नकोस गं, पुन्हा लावतो, फुंक मारून घे."

"माझ्यासाठी नाही, गाढवा! मोझेसकाका मागं आहेत!"

इव्हॉननं वही चाळली. "त्यांनी शर्यत सोडली."

"कुणी लिहिलं?"

"मीच. कालपासून पत्ता नाही, म्हणून..."

"म्हणून सोडली? माणूस दिसेना की खोडून टाकायचा?"

पहाटे ती मोझेसकाकांना भेटली होती. बर्फाच्या लकाकीनं म्हाताऱ्याचे डोळे सुजून मिटत आले होते. ते म्हणाले होते, "कुत्री जरा खाऊन घेऊ दे, तू हो पुढं. फक्त दिवा मोठा ठेवायला सांग, तेवढा दिसेल मला." गावाच्या अलीकडं नदीला दोन फाटे. चुकीच्या फाट्याला लागलं की पुढं समुद्र, आणि मार्चमधलं तिथलं बर्फ कुजकं. त्यांना मागं सोडून आली याचाही राग तिला होता, आणि तोही ती इव्हॉनवरच काढत होती.

"रॉकेल आण! धावत जा!"

रॉकेलसुद्धा परत डब्यात ओतून ठेवलं होतं. इव्हॉन पळाला. ओलिंका काठावर उभी राहून त्याच्या पाठीवर ओरडत राहिली. त्याच्या वहीला, त्याच्या नव्या बुटांना, लहानपणी तिनं पुसलेल्या त्याच्या नाकाला, कशालाच तिनं सोडलं नाही. चहाचे कप घेतलेली माणसं खाली बघत होती. कुणीतरी पुटपुटलं, "ताई, बस करा आता." मग त्या माणसालाही बोलणी बसली.

अर्धा तास गेला. ओरडून तिचा घसा बसत आला, आणि धुक्यातून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. मग म्होरकी कुत्री दिसली, मागं बाकीची, आणि गाडीवर डोळ्यांना फडकं बांधलेले मोझेसकाका.

तेवढ्यात इव्हॉन पेटलेला दिवा घेऊन धापा टाकत पोचला. "काका, हा बघा, दिवा!"

"मला कसला दिसतोय?" म्हातारा म्हणाला. "मी तर समुद्राच्या फाट्याला लागलो होतो. पण ही म्होरकी ओलिंकाच्या घरची ना! तिचा आवाज ऐकला, कान पाडले आणि माझं न ऐकता वळली. तुझी ताई तुला झापत होती का रे?"

इव्हॉननं दिवा पुढं केला. मोझेसकाकांनी चाचपत दिवा धरला आणि फुंकला.

ओलिंका घरी पोचेपर्यंत ओरडतच होती. त्या दिवशी तिला कुणीही गप्प बस म्हणालं नाही.