ओवीचं उष्टावण, मुक्काम हडपसर

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी पुणे स्टेशनावर आम्ही दोघी उतरलो, मी आणि माझी तान्ही लेक ओवी. तिला सातवा महिना नुकताच लागला होता. सामान तिचं जास्त, माझं कमी. अकोल्याहून निघताना सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं. उष्टावण (बाळाला अन्नाचा पहिला घास भरवण्याचा विधी) मामाने करायचं असतं आणि मला भाऊ नाही. त्यांनी शेजारचा एक मानलेला मामा ठरवूनही टाकला होता. मी म्हटलं, मामाचा मान माझ्या शालनमावशीचा.

"तिले थो आजार हाये ना वं?" सासूबाई म्हणाल्या.

आहे. पंचवीसेक वर्षं आहे. म्हणून तर मी हट्टाने निघाले होते.

शालनमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. त्यांचं माहेर तमाशाच्या फडावर नाचणाऱ्यांचं. तिथला रिवाज असा, की जिने पायात चाळ (घुंगरांच्या माळा) बांधले तिने लग्न करायचं नाही, घर चालवायचं. आईचं लग्न झालं, मावशीने चाळ बांधले. आईचा शालू तिच्या नाचण्यातून आला आणि पुढे माझं शिक्षणही. मी आठेक वर्षांची असताना फडातली माणसं एकामागून एक खंगू लागली. मावशीचा सोबती, फडातला ढोलकीवाला, त्यातच गेला. मग तिची तपासणी झाली आणि एड्सचं नाव आमच्या घरात आलं. ती विसाव्यासाठी अकोल्याला आमच्या घरी आली, तर आईने तिचं ताट आणि पेला वेगळा मांडला. चार दिवस मावशी मुकाट्याने त्यात जेवली आणि पाचव्या दिवशी तिने पुण्याची गाडी धरली. तेव्हापासून दोघी फोनवर बोलतात, पण आई तिच्या दारात कधी गेली नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणते.

आईने बहिणीसाठी सीताफळं न्यायला बजावलं होतं, म्हणून आधी रिक्षाने मंडई गाठली. एकेक फळ मी चाचपून पाहायला लागले.

"अहो बाई, सीताफळ आहे ते," विक्रेते काका म्हणाले. "डॉक्टरसारखं पोट काय दाबताय?"

पुणेरी बोलणं मला इतकं ताजं आणि फुकटात मिळेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात ओवीने त्यांच्या तराजूत हात घातला. "हिलाही तोलायचंय का?" काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं आणि एक फळ जास्तीचं टाकलं. पुणेकर कोणाला काही देत नाहीत म्हणतात. देतात हो, मी साक्षीला आहे.

मावशी राहते ते हडपसर म्हणजे एखादं गाव असेल अशी माझी समजूत होती. बसच्या खिडकीतून काचेच्या उंच इमारती दिसायला लागल्या तशी मी बावरले आणि गाडीतळाच्या (तिथला मोठा बसथांबा) दोन थांबे आधीच उतरून बसले. ऊन चढलेलं, एका हातात पोर, दुसऱ्या हातात सीताफळं. कोथिंबीर विकणाऱ्या एका आजींना रस्ता विचारला.

"गाडीतळ? त्ये काय, म्होरंच हाय. आधी लेकराला सावलीत घे."

त्यांनी आपल्या छत्रीखाली आम्हाला बसवलं, पाणी पाजलं आणि मग रिक्षा थांबवून दिली. त्यांचं नावही मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागते.

मावशीच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत लावणीची शिकवणी चालू होती. दोघी-तिघी आयटीतल्या मुली, एक कर्वेनगरहून येणारी कॉलेजकन्यका. मावशी आता साठीला आलीय, गुडघे कुरकुरतात, पण उभं राहायची ढब तीच. एक पाऊल पुढे, मान जरा तिरकी.

"मावशी, ही स्टेप सेटच होत नाहीये हो," एक जण म्हणाली.

"सेट व्हायला ती काय कवळी हाय? पाय आपट. जमिनीला कळू दे तू आलीस ते."

मुली गेल्या आणि मावशीने ओवीकडे डोळे भरून पाहिलं. लांबूनच. हात मात्र पाठीमागे धरलेले. खिडकीत तिचा पेला एकटाच पालथा घातलेला होता.

"इथं कोण गं तुझा पेला वेगळा करतं?" मी विचारलं.

"कोण न्हाय. सवय लागली."

आता गंमत पाहा. हीच बाई दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात, जिथे तिला गोळ्या मिळतात तिथे, नव्याने आलेल्या बायकांजवळ बसते. एका ताटात जेवल्याने काही होत नाही, लेकरांना जवळ घ्या, हे त्यांना समजावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी उष्टावणाचं बोलले तर म्हणाली, "खीर मी करते, भरव तू."

"मान तुझा आहे, मावशी."

"मान दिलास, पोचला."

मला रडूच आलं. एवढा प्रवास करून आले आणि ही हातच लावायला तयार नाही. सासूबाईंना काय सांगू, हा विचार आलाच, पण आईला काय सांगू, हा त्याहून मोठा होता.

खीर झाली. मी वाटी घेऊन बसते तोच दारात एक तरुण बाई आली, कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. मावशीच्या गुरुवारच्या बायकांपैकीच ती. टेकल्या टेकल्या म्हणाली, "मावशी, सासू म्हणती पोरीला तुझ्या हातानं भरवू नको."

"डॉक्टरांनी सांगितलंय न्हवं? भरवल्यानं काय होत न्हाय. मी सांगते की!" मावशीचा आवाज एकदम खणखणीत.

त्या बाईने ओवीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. "मग तुमी का न्हाय भरवत?"

मावशी उठली, हात धुऊन आली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "दे हिकडं."

ओवी मांडीवर विसावली. मावशीने बोटावर खीर घेतली, तिच्या ओठांना लावली, आणि आमच्या कन्येने नवे दोन दात बोटात रुतवले. मावशीचा हात तिथेच थिजला. तिने माझ्याकडे पाहिलं.

खोटं कशाला लिहू, माझ्या छातीत धस्स झालं. सगळं वाचलेलं होतं, डॉक्टरांना विचारलेलं होतं, बोटावर साधा ओरखडाही नव्हता, तरी झालं. त्या क्षणी मला माझी आई कळली आणि स्वतःची लाज वाटली.

"मावशी, दुसरा घास," मी म्हणाले. वाटी मी तिच्या आणखी जवळ धरली.

मावशीने दुसरा भरवला, मग तिसरा. ओवीने सगळ्या तोंडाला खीर फासून घेतली आणि मावशी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ती तरुण बाई केव्हा सरकून जवळ आली कळलं नाही. पातेल्यातली खीर तिने बशीत घेतली आणि आपल्या लेकीला स्वतःच्या बोटांनी भरवायला लागली.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरली. पुण्यात काय काय पाहिलं, असं मी शिकवते त्या शाळेत विचारतील, आणि सांगायला माझ्याकडे एकही वाडा किंवा किल्ला नाही. फडातली किती माणसं गेली, मावशी मात्र आहे. तिला गोळ्या मिळतात, तिच्या खोलीत पोरी पाय आपटतात. दवाखान्याचे, सावली देणाऱ्या आजींचे, प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईचे, सगळ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानत होते. दौंडच्या आसपास आईचा फोन आला.

"भरवलं का तिनं?"

"भरवलं."

"चमच्यानं का हातानं?"

"हातानं, आई."

गाडीचा खडखडाट वाढला, मी फोन कानाशी घट्ट धरला.

"तिला विचार," आई म्हणाली, "मी आले तर मलाबी भरवंल का."