अर्ध्या जगाची सावली

थोरल्या भावाचा धंदा किल्ल्या बनवायचा आणि नाद जुन्या नकाशांचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, खलाशांच्या थापांवर विसंबून किनारे काढलेले, समुद्रात जहाजाएवढे मासे सोडलेले नकाशे. दुकानात गिऱ्हाइकाला टेकायला धड स्टूल नव्हतं, पण भिंती पार भरलेल्या.

त्यातला एक मात्र अर्धाच होता. दोघा भावांनी तो भंगारातून मिळून घेतलेला. जगाचे दोन गोल, शेजारी शेजारी. घर वेगळं झालं तेव्हा भांडी वाटली, पलंग वाटला, नकाशावर दोघंही अडून बसले. थोरल्यानं सुरी घेतली आणि मधल्या घडीवरून जग चिरलं. तेव्हापासून बोलणं बंद. धाकटा गेला तर हा शेवटचं तोंड बघायलाही गेला नाही.

भंगारात येण्याआधी नकाशा कैक वर्षं पुस्तकात मिटून पडलेला. त्यामुळं एका गोलाची शाई दुसऱ्यावर उमटली होती, तपकिरी आणि उलटी. डाग पहिल्यापासूनच होता. पण धाकटा गेल्यापासून शटर वर केलं की नजर आधी तिकडंच जाई. आपल्या समुद्रात धाकट्याचा किनारा! पाठ केली तर मानेवर कुणाची तरी नजर. किल्ल्यांचे दात चुकायला लागले.

शेवटी त्यानं टबात पाणी भरलं. जुना कागद धुता येतो, हे त्याला ठाऊक होतं. नकाशा चौकटीतून काढला, तोच दारात धाकट्याची बायको. हातात गुंडाळी.

"ये, बस."

"बसायला नाही आले, भाऊजी. ही तुमची वस्तू. मला घरात नको."

"माझी कशी? त्याच्या वाटणीची ती."

"कसली वाटणी! तुम्ही ठाण मांडून बसला होतात की त्यात. बघा."

तिनं गुंडाळी उलगडली. कागद फिकट, धुवून धुवून मऊ पडलेल्या धडप्यासारखा. आणि त्यावर पुसट, उलटा, थोरल्याचा किनारा.

"दोनतीनदा पाण्यात घातला त्यांनी. कागद ओला असला की डाग गेल्यासारखा वाटायचा, वाळला की परत हजर. म्हणायचे, दादा काही हलत नाही. शेवटी म्हणाले, राहू दे मेल्याला. जाईपर्यंत डोळ्यांसमोर टांगला होता."

थोरला हसायला गेला. घशातून भलताच आवाज आला.

"टबात पाणी कशाला भरलंय?"

"हात धुवायला."

त्यानं खरोखरच हात धुतले, कोरडे केले. दोन्ही अर्धे तोंडाला तोंड लावून, पूर्वी पुस्तकात होते तसे, फळ्यांमध्ये ठेवले आणि वर लोखंडी ऐरण ठेवली.

ती गेली. तो कामाला बसला. नकाशाचा खिळा रिकामा होता, तरी मानेवरची नजर होतीच.

"बघ बापड्या," वळून न बघता तो म्हणाला आणि कानस चालवू लागला.