सुमनने मला गप्प राहायला लावलं

सुमनच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी घरी ज्वारी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली. मी फोन ठेवला आणि पुन्हा निवडायला बसले... शेजारीण आत येईपर्यंत तशीच निवडत राहिले म्हणे. याला दीड महिना झाला.

आमची ओळख बीडची, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या रांगेतली. दोघींचेही नवरे त्याच आजाराने गेलेले. मी मान खाली घालून उभी होते. मागून लिंबागणेश गावची, शिलाई करणारी सुमन म्हणाली, "अहो, बाही उसवलीय. थांबा, टाका घालते." बारा वर्षं आम्ही दोघी एकाच दिवशी गोळ्या आणायला जायचो. तिने कधी एक गोळी चुकवली नाही.

म्हणून छातीत दुखायला लागलं तेव्हा तिला वाटलं, या दुखण्याचा त्या आजाराशी काय संबंध? अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखल केलं. शेजारच्या खाटेवर नेमकी तिच्या दिराच्या सासुरवाडीची बाई. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?" सुमनने माझा हात असा दाबला की नखं रुतली. मीच म्हणाले, "न्हाई, कसल्याच न्हाई."

सहा दिवस ती तिथे होती आणि सहाही दिवस त्या गोळ्या घरी पडून राहिल्या. सुट्टी मिळाली, पुन्हा शिलाई सुरू झाली. बाराव्या दिवशी पाय सुजले, आडवं पडलं की दम लागायला लागला. दुसऱ्यांदा नेताना जीपमध्ये तीच म्हणाली, "आता सांगून टाक गं. लई भ्याव वाटतंय."

डॉक्टर रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले. "या आजारात हृदयाला जास्त जपावं लागतं. आधी कळलं असतं तर..." मी त्यांना बाहेर गाठलं. "तवा सांगितलं असतं तर धोका टळला असता का?"

"तसं सांगता येत नाही, बाई."

डॉक्टर हो म्हणाले असते तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी मनीषाने मला बळेच घरी पाठवलं, आणि मागोमाग तो फोन.

हे लिहायच्या आधी मी मनीषाला विचारलं, आईचं नाव बदलू का?

"कावून? आईनं काय चोरी केलती का?"

म्हणून सुमनचं नाव खरं आहे. खाली माझं नाव लिहायला घेतलं, दोनदा खोडलं... या लेखाखाली ते नाही.