दोन नारळ

माझ्या लेकाच्या अपघातानंतर त्याची गाडी कासारवाडीच्या गॅरेजातच पडून होती. वादळात होडीचं इंजिन गमावलेला कोकणातला एक म्हातारा तिचं इंजिन होडीला बसवायला घेणार होता. मेकॅनिकनं ते चालू केलं, तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे मिटून त्यावर तळवा ठेवला, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“गाडीतला मानूस वाचला काय ओ?”

“न्हाई. माझा पोरगा होता.”

अपशकुन म्हणून तो इंजिन नको म्हणेल, असं मला वाटलं.

“त्या वादळात माझा भाऊ गेला,” तो म्हणाला. “होडी काढताना त्याच्या नावानं दर्याला नारळ देतो. पोराचं नाव सांगा, आता दोन देईन.”

घरात ते नाव कुणी घेत नव्हतं. इंजिन धडधडत होतं, म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं.