आपलं ताट आपण

उभ्या सातारा जिल्ह्यात स्वतःच्याच मागं हात धुऊन लागलेला सुधारक एकच झाला, तो म्हणजे पलटणीतून हवालदार होऊन परतलेला, उंब्रजचा माझा थोरला मामा. त्या दिवसांत पारापारावर समाज बदलण्याची भाषणं व्हायची. मामा ती पुढं बसून ऐकायचा आणि घरी येऊन स्वतःचीच एखादी खोड धरायचा. आधी शिव्या सोडल्या. बैलाला "चला की वं पुढं" म्हणू लागला, तर शिव्यांवर वाढलेला तो बैल जागचा हलेना. त्या साली पेरणी आठ दिवस मागं पडली. मग जेवल्यावर उष्टं ताट आपणच उचलून घासायला लागला. मामी रडकुंडीला आली. "आवं, बाया म्हंत्यात, हिला हातपाय न्हाईत व्हय?" मामा म्हणाला, "पल्टनीत धा वर्सं घासलं, तवा माझं हात झडलं न्हाईत." मामी ते ताट गुपचूप पुन्हा घासायची, कारण कडेला राख तशीच असे.

पलूसच्या एका लग्नात तर कहर झाला. जेवण उरकून मामा आपली उष्टी पत्रावळ घेऊन पंगतीतून उठला. पान उचललं म्हणजे पाहुणा रुसला, एवढंच लोकांना ठाऊक. मुलीचा बाप पागोटं सावरत मागं धावला, "पावणं, काय चुकलं आमचं? बसा, बुंदी वाढतो!" त्याच्या समाधानासाठी मामा दुसऱ्यांदा जेवला, आणि ते दुसरं पानही त्यानंच उचललं.

मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिला. मामानं गावजेवण घातलं. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी उचललं की येडा म्हंत्यात रं. आज तू उचल. शिकल्याल्याला कोन हसत न्हाई. तुझ्या मागनं एक जरी उठला तरी लय झालं." मी हो म्हणालो. जेवणं आटोपली. अंगात नवा कोट, शेजारी पाटील, समोर सारा गाव. मी तांब्या घेतला आणि पानातच हात धुतला. मामा पलीकडच्या रांगेतून आला, माझं पान त्यानं आपल्या पानावर ठेवलं. पाटील हसले, "हवालदार, भाच्याचं बी?"

"त्येचा कोट नवा हाय," मामा म्हणाला आणि बाहेर गेला.

आता मामा नाही. मी सांगलीला विश्रामबागेत मास्तरकी करतो, समाजसुधारणेवर बोलायला लोक बोलावतात, बोलून बोलून मलाच शीण येतो. ताट मात्र रोज माझं मी उचलतो. फक्त उठण्याआधी, घरात कुणी पाहुणा नाही ना, एवढं अजून बघून घेतो.