बारा वर्षांखाली फक्त दोरी

जानेवारीत नातवंडं पुण्याहून नगरला आली आणि मी त्यांना यंत्रानं हवेत फेकलेल्या तबकड्यांवर बंदुकीनं नेम धरायला न्यायचं कबूल केलं. मैत्री नऊ वर्षांची, ओजस सात. मैत्रीनं शाळेत आधीच जाहीर केलं होतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी अख्खी नोकरी बातम्या तपासण्यात गेली. तिथला वयाचा नियम मात्र मी विचारला नव्हता.

सावेडीहून सकाळीच निघालो. विळद घाटापर्यंत रस्ता बरा, पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे. नाश्ता घरूनच करून निघावं. आम्ही राहुरीत मिसळ खाल्ली आणि ओजस देवळाली प्रवरापर्यंत पाणी पीत राहिला. गावापुढे, ऊस तुटलेल्या रानाकडेला रफिकभाईंची नेमबाजीची रेंज आहे. आधी फोन करावा लागतो. काडतुसांचे पैसे वेगळे, बघणाऱ्यांना फुकट.

"पोरं कितीची हायेत?" रफिकभाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"मग न्हाई जमायचं, ताई. बारा वर्षांच्या आत बंदूक हातात न्हाई."

"मी वर्गात सांगितलंय," मैत्री माझ्याकडे बघत म्हणाली. रडली असती तर सोपं गेलं असतं.

रफिकभाईंनी दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले आणि तबकडी फेकणाऱ्या यंत्राची दोरी मैत्रीच्या हातात दिली.

"आजी 'सोड' म्हणली की वढायची. त्याच्या आधी न्हाई."

म्हणजे नेम मला धरायचा होता. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती, पण तिथलं लक्ष्य जागचं हलत नसे.

पहिली तबकडी पाचटावर अख्खी उतरली. दुसरी, तिसरीही. दर वेळी बंदूक रिकामी करून ठेवली की ओजस पिशवी घेऊन त्या गोळा करायला पळायचा. तबकड्या डांबर-चुन्याच्या, ढोरांच्या तोंडी जायला नकोत.

"तुकडे लई कमी पडत्यात आज," रफिकभाई म्हणाले.

"आजी, तू डोळे मिटतेस," मैत्री म्हणाली.

"मिटत नाही."

"घट्ट मिटतेस," ओजस म्हणाला.

"आता उघडे ठेव, मग 'सोड' म्हण. मी थांबते," मैत्री म्हणाली.

ती थांबली. मीही थांबले. मग 'सोड' म्हटलं, खांद्याला धक्का बसला आणि नारिंगी तबकडीची हवेत पूड झाली. मैत्रीनं दोरी खाली ठेवली नाही.

परतताना रसवंतीवर मी विचारलं, "वर्गात काय सांगशील?"

"मी सोडली, तेव्हाच फुटली."

माझ्या नेमातून वाचलेली एक तबकडी रफिकभाईंनी निघताना तिला देऊन टाकली होती. घरी आल्यावर तिनं ती काचेच्या कपाटात ठेवली. "ही मी बारा वर्षांची झाले की फोडणार. तोवर कुणी हात लावायचा नाही. आणि गाडी तूच चालवायची."

मुलं पुण्याला परत गेली. त्या कप्प्यातली धूळ मी कडेकडेनं पुसते. सकाळचं फिरणंही पुन्हा सुरू केलंय. तीन वर्षं आम्हां दोघींना शाबूत राहायचं आहे, तबकडीला आणि मला.