नव्याचा मका

बायकोला तिसरा महिना लागला आणि आमच्या घरातली फोडणी बंद झाली. तेलात मोहरी पडली की ती न्हाणीकडे धावायची. भात नको, वरण नको, पोटात काही ठरेना. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. घुग्घुसच्या खाणीत शिफ्टवर असलो तरी ध्यान चंद्रपूरच्या आमच्या दोन खोल्यांत.

एका दुपारी खिडकीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "मले मका खावासा वाटते."

मी आनंदाने उडालोच. पण गाडीवरचा भाजलेला मका म्हणजे धूर, आणि धूर म्हणजे पुन्हा उलटी. तेव्हा लग्नात मित्रांनी दिलेला मायक्रोवेव्ह आठवला. एरवी तो दूध गरम करायचा आणि डोक्यावर फुलदाणी मिरवायचा. मी सालीसकट दोन कणसं आणली आणि तशीच आत ठेवली.

बाहेर झिमझिम चालली होती. आतल्या पिवळ्या उजेडात कणसं हळूहळू फिरत होती आणि आम्ही दोघं फरशीवर बसून नुसते बघत होतो. थोड्या वेळाने ओल्या शेताचा वास खोलीभर पसरला. भामरागडकडच्या तिच्या गावी शेतातल्या राखणीच्या उंच माळ्यावर निजलं की पहाटे असाच वास येतो, असं ती म्हणाली. मला क्षणभर खरंच वाटलं, आपण जमिनीपासून वर कुठेतरी आहोत आणि खाली पानं सळसळताहेत. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिला मळमळलं नाही.

मी बुडखा कापून वरून दाबलं. कणीस सालीतून अलगद ताटलीत आलं, अंगावर एक केस नाही. तिने ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं.

"काऊन?"

"गावात पंडुम झाला का नाई, कोनाले मालूम."

तिच्या माडिया गावात नवं पीक आधी देवाला देतात. तो सण, म्हणजे पंडुम, होईपर्यंत नव्याला कुणी तोंड लावत नाही. आमच्या पोंभुर्ण्याच्या बौद्ध घरात मका शेतातून थेट तोंडात. मी चिडलो.

"अवं, हा बाजारातला मका हाये. याले तुमचा देव वळखत बी नाई!"

"मी तं वळखते ना."

गावाला विचारावं तर पुलावरून पाणी, रस्ता बंद, टॉवरचाही भरवसा नाही. तरी ती फोन लावत राहिली. कणीस निवत चाललं. मला रडू यायला लागलं, खोटं कशाला सांगू.

आणि फोन लागला. तिची आई माडियात काय बोलली ते मला कळलं नाही, पण बायकोचे डोळे भरून आले.

"काय म्हनते तुही माय?"

"पंडुम झाला नाई. तू खाऊ नोको म्हनते." तिने पोटावर हात ठेवला. "पन पोटातल्याले खाऊ दे म्हनते. त्याले अजून नेम लागत नाई."

मग तिने ते कणीस एकेक दाणा सोलत सावकाश संपवलं. उलटी झाली नाही.

दुसरं कणीस माझं होतं. "तुमी खा ना," ती म्हणाली, "तुमाले काहाचा पंडुम?"

मी ते सालीसकट बाजूला सरकवलं.

"तुह्या गावाचा होऊ दे," मी म्हटलं. "मंग खातो."